वही चोख, भांडवल साफ

२०२५ च्या गणपतीत भाचा घरी आला तो बगलेत दोनशे पानी वही घेऊन. बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये लेथवर कामाला आहे. आकड्याला पक्का, घरातल्या दुधाचा हिशेबही तोच ठेवतो. वहीत ऑनलाइन पोकरचा एकवीस महिन्यांचा जमाखर्च होता. तारीख, किती वाजता बसला, किती डाव खेळला, किती आले, किती गेले. २०२३ च्या दिवाळीत दहा हजार रुपये घालून सुरुवात केलेली. ऑगस्टमध्ये नवा कायदा आला, अॅपने खेळ बंद केला आणि खात्यात उरले होते ते पैसे बँकेत परत पाठवले. ते होते ३,४००.

“मामा, सगळं नियमानं केलो बघ. एकदाबी वरनं पैसे घातलो नाही. मग चुकलं कुठं?”

मी शहापुरात लोकांचे इन्कम टॅक्सचे आणि दुकानांचे हिशेब बघतो. ओसी म्हणजे मटका लावणारे पाहिलेत, दिवाळीत तीन पत्तीला बसून बोनस घालवणारे पाहिलेत, कर्नाटकात २००७ पासून लॉटरी बंद म्हणून तिकिटासाठी हद्दीपलीकडे कागलला जाऊन येणारेही पाहिलेत. त्यांतल्या एकानेही वही ठेवली नव्हती. ह्याने ठेवली, आणि तरी गेले. म्हणून त्याला आरती संपेपर्यंत थांबवलं आणि मग दोघं वही घेऊन बसलो.

आधी कायद्याचं सांगतो. ऑनलाइन गेमिंगचा केंद्राचा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत मंजूर झाला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचा कुठलाही ऑनलाइन खेळ, मग तो डोक्याचा असो की नशिबाचा, चालवायला, त्याची जाहिरात करायला आणि त्याचे पैसे इकडून तिकडे फिरवायला त्यात मनाई आहे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. कर्नाटक सरकारने २०२१ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून अशीच बंदी आणली होती, ती उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये रद्द केली. केंद्राच्या कायद्याविरुद्धही कंपन्या कोर्टात गेल्या आहेत. ते होईल तेव्हा होईल. परदेशातून चालणाऱ्या अॅपच्या लिंका अजूनही व्हॉट्सअॅपवर फिरतात. तिथे पैसे अडकले तर मार्केट पोलीस ठाण्यात जाऊन काय सांगणार, एवढा विचार केला तरी पुरे. तेव्हा हा लेख खेळायला बसा म्हणून लिहिलेला नाही. पण भांडवल कसं टिकतं आणि कसं झिजतं याचं गणित समजायला पोकरइतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

पोकरमधला बँकरोल हा शब्द मोठा वाटतो. आपल्या भाषेत ते खेळाचं वेगळं काढलेलं भांडवल. एपीएमसीतून पहाटे माल उचलून गल्लीत विकणारी भाजीवाली मावशी बघा. तिच्या कमरेच्या पिशवीत दोन कप्पे असतात. एकात उद्याच्या खरेदीचे पैसे, दुसऱ्यात घरचे. पोराच्या फीला हात पहिल्या कप्प्यात गेला की धंदा बसला, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. आणि पहिल्या कप्प्यातलेही सगळे पैसे ती एका टोमॅटोच्या क्रेटवर लावत नाही. बँकरोलची शिस्त म्हणजे एवढंच: कप्पा वेगळा, आणि एका मालावर थोडेच.

पोकरमध्ये ‘थोडे’ म्हणजे किती, ते बाय-इनमध्ये मोजतात. टेबलाला ब्लाइंड ठरलेले असतात, म्हणजे पत्ते वाटायच्या आधी दोघांनी सक्तीने टाकायची रक्कम. २ आणि ५ रुपयांच्या टेबलाला मोठा ब्लाइंड ५ रुपयांचा. बसताना साधारण शंभर मोठे ब्लाइंड घेऊन बसायचं, म्हणजे ५०० रुपये. हा एक बाय-इन. दहा हजारांचे झाले वीस. छोट्या खेळाडूंना सगळीकडे हाच आकडा सांगितला जातो: वीस बाय-इन असतील तरच त्या टेबलाला बस, तीस असतील तर जास्त बरं. भाच्याने तो पाळला होता. भांडवल सहा हजारांवर आलं तेव्हा तो निमूटपणे १-२ च्या टेबलावर उतरला, जिथे बाय-इन २०० रुपयांचा, म्हणजे पुन्हा तीस. खाली उतरणं हे ह्या खेळातलं सगळ्यात अवघड काम. माणसाला वाटतं, गेलेले पैसे इथेच गेलेत, इथूनच काढणार. त्याने तसं केलं नाही. शाबास म्हणालो.

पण वीसच का? पाच का नाहीत?

कणकुंबीला पावसाळ्यात पाऊस धो धो पडणार हे शेंबडं पोरही सांगेल. पण अमुक तारखेला दुपारी चारला पडेल का, हे कुणीच सांगू शकत नाही. पोकर तसंच आहे. चांगला खेळणारा वर्षाकाठी पुढे राहील, आज रात्री राहील याची हमी नाही. दोन एक्के घेऊन तुम्ही सगळे पैसे आत लोटलेत, समोरच्याकडे दोन बादशहा आहेत. याहून चांगली परिस्थिती क्वचित मिळते. तरीही पाचातून जवळपास एकदा तुम्ही हरता. असे तीन डाव एकामागून एक आले तर तिन्ही जिंकण्याची शक्यता निम्म्याहून जेमतेम जास्त. म्हणजे तिन्ही वेळा बरोबर खेळूनही जवळपास निम्म्या वेळा कुठेतरी बाय-इन जातोच.

हा चढउतार किती मोठा असतो, ते आकड्यात बघू. सहा जणांच्या टेबलावर शंभर डावांमागे चढउतार साधारण नव्वद मोठ्या ब्लाइंडचा धरतात. आता एक खरोखर चांगला खेळाडू घ्या, शंभर डावांमागे सरासरी पाच ब्लाइंड कमावणारा. दहा हजार डावांनंतर त्याची अपेक्षित कमाई ५०० ब्लाइंड, पण चढउतार ९०० चा. हिशेब केला तर दहा हजार डाव खेळूनही तो तोट्यात असण्याची शक्यता २९ टक्के निघते. दहा हजार डाव म्हणजे एका टेबलावर रोज तासभर बसलात तर पाच महिने. पाच महिने चांगलं खेळून दहातले तीन जण घरी येऊन म्हणणार, आपल्याला जमत नाही बुवा.

आता ह्याच खेळाडूचं भांडवल पूर्ण बुडण्याची शक्यता काढा. पाच बाय-इन घेऊन बसला तर ५४ टक्के. दहा असतील तर २९. वीस असतील तर साडेआठ. तीस असतील तर अडीच. बघा, खेळ तोच, माणूस तोच, फक्त मागे किती पैसे आहेत यावर निम्म्याहून जास्तीचा धोका चाळिसात एकावर आला. शिस्तीची किंमत इथे दिसते.

पण त्याच कागदावर आणखी एक ओळ लिहिली. पाचच्या जागी अडीच ब्लाइंड कमावणारा खेळाडू धरला. वीस बाय-इन असूनही बुडण्याची शक्यता पुन्हा २९ टक्के. आणि शून्य कमावणारा? शंभर टक्के. वीस असोत, दोनशे असोत, शेवटी बुडणारच. फरक फक्त कधी बुडणार याचा.

भाचा गप्प बसला. मग म्हणाला, “म्हणजे वीस बाय-इनचा नियम चांगल्या खेळाडूसाठीच हाय?”

होय. तीच गोष्ट कुणी त्याला सांगितली नव्हती. भांडवलाची शिस्त ही छत्रीसारखी आहे. भिजण्यापासून वाचवते, पण छत्री उघडली म्हणून भात उगवत नाही.

यावर एक जुनं सूत्र आहे. अमेरिकेत बेल लॅब्समध्ये काम करणाऱ्या जॉन केली नावाच्या शास्त्रज्ञाने १९५६ मध्ये ते मांडलं. तुमची बाजू किती वरचढ आहे, त्यावरून भांडवलातला किती हिस्सा लावायचा, ते त्यातून निघतं. समजा एक वाकडं नाणं आहे, शंभरात साठ वेळा छापा पडतो, आणि पैज बरोबरीची. तर प्रत्येक वेळी भांडवलाच्या २० टक्के छाप्यावर लावा, सगळ्यात वेगाने वाढेल. त्याहून कमी लावलंत तर वाढ थोडी मंदावते, पण झोप चांगली लागते. जास्त लावलंत तर गंमत होते: दर वेळी ४० टक्के लावू लागलात, तर नाणं तुमच्या बाजूचं असूनही भांडवल हळूहळू खाली जातं. जिंकणारा माणूस हावरटपणाने कसा बुडतो, त्याचं हे गणित. आणि नाणं सरळ असेल, पन्नास-पन्नास? सूत्राचं उत्तर येतं शून्य. काहीच लावू नका. थोडं लावा, जपून लावा, असं सूत्र म्हणत नाही.

मग भाच्याचं नाणं कसं होतं? हे शोधायला त्याची वही पुरेशी नव्हती, कारण वहीत आलेले आणि गेलेले पैसे होते; कुठे गेले, ते नव्हतं. अॅपचं स्टेटमेंट काढलं. एकूण चाळीस हजारांच्या आसपास डाव. तोटा ६,६००. आणि त्याच्या वाट्याचा रेक म्हणून कापलेली रक्कम ६,९०० च्या आसपास.

रेक म्हणजे टेबलाच्या मालकाची कापणी. प्रत्येक पॉटमधून, म्हणजे डावात मध्ये जमलेल्या पैशांतून, साधारण पाच टक्के, वर एक मर्यादा. पत्त्यांच्या अड्ड्यावर जागेचा मालक ‘नाल’ काढतो ना, तसंच. लहान टेबलांवर ही कापणी टक्केवारीने जास्त बोचते, कारण पॉट लहान असतात आणि वरची मर्यादा क्वचितच गाठली जाते. आता आकडे एकासमोर एक ठेवा. समोर बसलेल्या लोकांकडून भाचा हरला नव्हता. उलट तीनशे रुपये पुढे होता! एकवीस महिने, रोज तासभर, हजारो अनोळखी माणसांशी तो बरोबरीने लढला आणि त्या बरोबरीचं भाडं त्याने ६,९०० रुपये भरलं. गोकाकच्या जत्रेतल्या दोन पैलवानांसारखं झालं, कुस्ती सुटली बरोबरीत आणि तिकिटाचे पैसे घेऊन गेला तंबूवाला.

इथे मला एक प्रामाणिकपणाची गोष्ट सांगावी लागते. चाळीस हजार डावांवरूनही छातीठोकपणे ‘तू हरणारा खेळाडू आहेस’ असं म्हणता येत नाही. त्याचा तोटा शंभर डावांमागे पाच ब्लाइंडच्या आसपास येतो, आणि एवढ्या डावांत नुसत्या नशिबाने साडेचार ब्लाइंड इकडे तिकडे होऊ शकतात. म्हणजे कदाचित तो जेमतेम फायद्यातला असेल आणि पत्ते वाईट आले असतील. शक्यता कमी, पण आहे. हीच फट वाईट. ओसीत हरलेल्याला मनातून माहीत असतं की हा जुगार आहे. पोकर खेळणाऱ्याला दोन वर्षांनंतरही ‘नशीब खराब होतं, खेळ बरोबर आहे’ असं म्हणायला गणितच जागा ठेवतं, आणि तो पुन्हा टेबलावर जाऊन बसतो.

शिवाय सरकारचा वाटा. हे माझं क्षेत्र म्हणून जरा जास्त बोलतो. १ एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर सरळ ३० टक्के कर लागला, वर सेस. तुमचं उत्पन्न करमुक्त मर्यादेत असलं तरी सूट नाही. एका आर्थिक वर्षात काढलेले आणि भरलेले पैसे एकमेकांतून वजा होतात, तेवढी दया आहे. पण वर्ष बदललं की पाटी कोरी. समजा पहिल्या वर्षी २०,००० जिंकलात, ६,००० कर गेला. दुसऱ्या वर्षी २०,००० हरलात. तो तोटा कशातूनही वजा होत नाही, पुढेही नेता येत नाही. दोन वर्षांचा खेळ शून्यावर आला आणि खिशातून सहा हजार गेले. वर तो पाच ब्लाइंड कमावणारा चांगला खेळाडू घेतला होता ना, त्याचे पाचाचे साडेतीन होतात, आणि वीस बाय-इनवर बुडण्याची शक्यता साडेआठवरून अठरा टक्क्यांच्या घरात जाते. हे कुठल्याही परदेशी पोकरच्या सल्ल्यात नसतं, कारण तो सल्ला इथल्या करासाठी लिहिलेलाच नसतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला तो वेगळाच. भाच्याच्या अॅपने तेवढा बोनस देऊन तो भरून काढला होता, नाहीतर दहा हजारांतले सुमारे २,२०० पत्ता वाटायच्या आधीच गेले असते.

शिस्तीच्या बाकीच्या गोष्टींवर मी फार वेळ घालवणार नाही, त्या त्याला येत होत्या. एका बैठकीत तीन बाय-इन गेले की उठायचं. याने गणित बदलत नाही, डोकं मात्र थंड राहतं. हरून चिडलेला माणूस वाट्टेल तसे पैसे लोटतो, त्याला खेळाडू ‘टिल्ट’ म्हणतात, आमच्याकडं ‘सणक’. रात्रपाळीनंतर बसायचं नाही. पगाराच्या खात्याला यूपीआय जोडायचा नाही. भिशी उचलून, पिग्मी मोडून, कर्ज देणाऱ्या अॅपकडून पैसे घेऊन भांडवल भरायचं नाही. शेवटचा नियम मोडताना मी जितकी माणसं पाहिलीत तितकी दुसरा कुठलाही मोडताना पाहिली नाहीत, आणि त्यांच्यापैकी एकाची सोनं तारण ठेवलेली पावती अजून माझ्या फाइलीत आहे. कुणाच्या घरात गोष्ट इतकी पुढे गेली असेल तर सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन आहे, १४४१६. मराठीतही बोलतात, कन्नडमध्येही.

भाच्याने मग मोबाइलवर एक गोष्ट दाखवली, जिच्यामुळे त्याने वही घातली होती. क्रिस फर्ग्युसन नावाच्या अमेरिकन खेळाडूने २००६ मध्ये एक पैसाही न घालता सुरुवात केली, फुकटच्या स्पर्धांमधून, आणि दीडेक वर्षात दहा हजार डॉलर केले. नियम कडक: नेहमीच्या टेबलावर भांडवलाच्या पाच टक्क्यांहून जास्त घेऊन बसायचं नाही, मोठ्या स्पर्धेला दोन टक्क्यांहून जास्त फी भरायची नाही, आणि टेबलावरचे पैसे भांडवलाच्या दहा टक्क्यांवर गेले की उठून जायचं. गोष्ट खरी आहे आणि नियमही चांगले आहेत. फक्त दोन गोष्टी तिच्यासोबत कुणी सांगत नाही. एक, तो आधीच जगज्जेता खेळाडू होता, २००० च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचा मुख्य विजेता. त्याचं नाणं वाकडंच होतं. दोन, हे सगळं त्याने ज्या साइटवर केलं, फुल टिल्ट पोकर, जिच्याशी तो स्वतःही निगडित होता, तिच्यावर एप्रिल २०११ मध्ये अमेरिकन सरकारने कारवाई केली, आणि तेव्हा उघड झालं की खेळाडूंच्या खात्यात दिसणारे पैसे आणि कंपनीच्या बँकेत असलेले पैसे यांत जमीन-अस्मानाचं अंतर होतं. जगातली कितीतरी माणसं पाच टक्क्यांचे नियम पाळून जमवलेल्या भांडवलाकडे नुसती स्क्रीनवर बघत राहिली. ती साइट दुसऱ्या कंपनीने घेतल्यावर मगच पैसे परत मिळू लागले. खरा कप्पा वेगळा ठेवायचा तर तो आपल्या बँकेत हवा. अॅपमधला आकडा म्हणजे अॅपने आपल्याला लिहून दिलेली चिठ्ठी.

“मग गोव्याला?” त्याने विचारलं. चोर्ला घाटातून गेलं की अडीच-तीन तासांत पणजी, मांडवीवरच्या बोटी, तिथे पोकर कायदेशीर. मी म्हटलं, दहा हजार एकाच बाय-इनला लागणारं टेबल धर, वीस बाय-इनचे किती होतात सांग. त्याने वहीच्या कोपऱ्यात लिहिलं, दोन लाख. मग खोडलं.

तासाभराने चहा झाला, कुंद्याची वाटी संपली, तेव्हा कळलं की वहीचा मागचा अर्धा भाग कोरा नाही. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापासून तिथे शेअर बाजारातल्या ऑप्शन्सचे नवीन रकाने पडले होते: निफ्टी, बँक निफ्टी, कॉल, पुट. तेच ३,४०० रुपये, दोन टक्क्यांचा नियम, तीन वेळा हरलं की बंद. मी त्याला शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचा २०२४ चा अभ्यास वाचून दाखवला: तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात. त्याने तो आकडा वहीत टिपून घेतला, खाली रेघ मारली आणि विचारलं, “मामा, ह्यात रेक कुठल्या रकान्यात लिवायचा?”

ब्रोकरेज, एसटीटी म्हणजे बाजारातल्या व्यवहारावरचा कर, एक्स्चेंजचा चार्ज, त्यावर जीएसटी, स्टॅम्प ड्यूटी. पाच रकाने आखून दिले. पहिल्या आठवड्याचे आकडे तिथेच बसून भरायला लावले, आणि तो बेरीज करत असताना मी आतून दुसरा चहा सांगितला.